चिनी काढा घेताय? या चुका टाळा

काढा म्हटला की आपण आलं, तुळस, गवती चहा सगळं एकदम पातेल्यात टाकतो आणि उकळून गाळतो. सिंगापूर-हाँगकाँगकडच्या मराठी घरांत चिनी दुकानातून आणलेल्या पुडीचंही तेच होतं, आणि बहुतेक घोळ तिथेच सुरू होतो.

पुडी उघडून नीट बघा. साली, मुळांच्या चकत्या, सुकी लाल बोरं आणि बऱ्याचदा आत वेगळी बांधलेली एखादी छोटी पुडी. ती उगाच वेगळी नसते. त्यात पुदिन्याच्या जातीचं ‘बोह’ असेल, तर ते शेवटच्या पाच मिनिटांत टाकायचं. आधी टाकलं तर त्यातलं सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं. ‘फूझी’ असेल तर नेमकं उलट. हे आपल्या बचनागाच्या कुळातलं. त्यातलं विष दीर्घ उकळीनेच मोडतं, म्हणून ते आधी एकटंच उकळत ठेवतात, वैद्य सांगेल तितका वेळ. इथे घाई अजिबात नको. काढा घेतल्यावर ओठ-जीभ बधिर झाली, मुंग्या आल्या, छातीत धडधड सुरू झाली तर वाट न बघता इस्पितळ गाठा, आणि उरलेली पुडी सोबत न्या.

बाकी कृती सोपी आहे. वेगळं काही सांगितलं नसेल तर औषध अर्धा तास गार पाण्यात भिजवा, पाणी वर दोन बोटं राहील इतकं. मोठ्या आचेवर उकळी, मग मंद आचेवर वीस-तीस मिनिटं, झाकण ठेवून. गाळा, चोथ्यात पुन्हा पाणी घालून उकळा, दोन्ही काढे एकत्र करून दोन वेळा घ्या. मातीचं किंवा काचेचं भांडं उत्तम. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम नको. काढा खाली लागला तर वरून पाणी घालून वाचवायला जाऊ नका, सरळ टाकून द्या. महागाचं औषध असलं तरी!

आता सगळ्यात महागात पडणारा समज: ‘झाडपाल्याने काय होतंय?’ १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत ‘फांग-जी’ या चिनी औषधाच्या जागी नावाने जवळची पण भलतीच वनस्पती गेली. तिच्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने शंभरावर रुग्णांची मूत्रपिंडं बिघडली. पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. ‘मा-ह्वांग’ हे चिनी वैद्यकातलं जुनं, कामाचं औषध. पण वजन घटवायला ते सर्रास विकलं गेलं आणि अखेर २००४मध्ये अमेरिकेने एफेड्रा (म्हणजे हेच मा-ह्वांग) असलेल्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली. म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या, घटक न लिहिलेल्या गोळ्यांच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर ‘दानशेन’ आणि ‘दांगग्वेई’ ही चिनी औषधं रक्तस्रावाचा धोका वाढवतात. आणि ज्येष्ठमध, म्हणजे त्यांचं ‘गानत्साओ’, तर कितीतरी काढ्यांत असतं. घसा बसला म्हणून आपण ते वेगळं चघळतो, त्यात रोजचा काढा. रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. ब्लड प्रेशरवाल्यांनी हे आधी सांगायलाच हवं. गरोदरपणात तर डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच नको.

नवऱ्याचा उरलेला खोकल्याचा काढा बायकोने घेणं ही आणखी एक नेहमीची चूक. पिवळा घट्ट कफ आणि पांढरा पातळ कफ यांना चिनी वैद्य वेगवेगळी औषधं देतात. तो जीभ बघतो, नाडी बघतो ती त्यासाठीच.

सुयांच्या, म्हणजे ॲक्युपंक्चरच्या बाबतीत थोडक्यात: उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येते. सुईचं बंद पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. खांद्यावर किंवा छातीवर सुया टोचल्यावर दम लागला तर ‘होईल बरं’ म्हणत घरी बसू नका, फुप्फुसाला इजा झालेली असू शकते. आणि जिथे जाल तिथे आधी नोंदणी विचारा: महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे, सिंगापुरात चिनी वैद्यांची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी विचारल्याचा ज्याला राग येईल, त्याच्याकडे न गेलेलंच बरं.