नैतिक गुंतवणूक करायची? फंडाच्या नावावर जाऊ नका

आधी वहीत लिहा, आपला पैसा कुठे जायला नको. ही यादी दुसऱ्याची उचलू नका, सोलापुरात तर नाहीच. इथं पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायांच्या मजुरीवर घरं चालतात. तंबाखू नको म्हणणं वेगळं आणि त्या बायांच्या कष्टाला नावं ठेवणं वेगळं. माझ्या यादीत तंबाखू आहे, तशीच कामगाराची मजुरी मारणारी कंपनीही आहे.

मग म्युच्युअल फंड. पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार पाहून शेअर निवडणाऱ्या फंडांना ईएसजी म्हणतात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने जुलै २०२३ मध्ये त्यांचे सहा प्रकार ठरवले आणि प्रकार फंडाच्या नावातच यायला हवा असं सांगितलं. 'एक्स्क्लूजनरी' असेल तर ठरावीक धंदे वगळलेले असतात. कोणते, ते योजनेच्या माहितीपत्रकात वाचा. 'बेस्ट इन क्लास' म्हणजे त्या-त्या क्षेत्रातल्या उजव्या कंपन्या. क्षेत्रच तुम्हाला नको असेल, तर हा प्रकार तुमच्या कामाचा नाही.

आता खरी मेख. 'ईएसजी आहे, डोळे झाकून घ्या' असं एजंट म्हणाला, तरी मी फंडाचा मासिक पोर्टफोलिओ, म्हणजे फंडाने घेतलेल्या कंपन्यांची यादी, उघडला होता. उद्योगाच्या रकान्यात 'तंबाखू' शोधलं, सापडलं नाही, निर्धास्त झालो. आठ महिन्यांनी कंपन्यांची नावं वाचली, तर सिगारेट बनवणारी मोठी कंपनी त्यात होती. तिच्यापुढे उद्योग लिहिला होता 'डायव्हर्सिफाइड एफएमसीजी', म्हणजे रोजच्या वापराच्या नाना वस्तू विकणारी. वर्षाच्या आत बाहेर पडलो म्हणून १% एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याचा आकार, भरला. पैशापेक्षा, आठ महिने आपण समाधानात होतो याचा त्रास जास्त झाला.

म्हणून उद्योगाचा रकाना सोडा. महिना संपल्यावर दहा दिवसांत पोर्टफोलिओची एक्सेल फाइल फंडाच्या संकेतस्थळावर येते. एकेक नाव वाचा, ती कंपनी नेमकं काय विकते ते बघा. पन्नास-साठ नावं असतात, एक संध्याकाळ जाते. जाऊ द्या. 'वरच्या दहा कंपन्या बघा, पुरे' हा सल्ला मी ऐकला होता. तो साफ चुकीचा आहे, नको असलेली कंपनी बत्तिसाव्या क्रमांकावरही असते.

शंका आली तर त्या कंपनीचा बीआरएसआर अहवाल काढा, म्हणजे पर्यावरण, कामगार आणि कारभाराबद्दल कंपनी दरवर्षी देते तो. २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या १,००० कंपन्यांना तो सक्तीचा आहे. पहिली गुळगुळीत पानं उलटा आणि पाचव्या, मानवी हक्कांच्या तत्त्वाखालचा किमान वेतनाचा तक्ता गाठा. किती कामगारांना जेमतेम किमान वेतन मिळतं आणि किती जणांना त्याहून जास्त, हे तिथं कायम आणि कायम नसलेल्या कामगारांसाठी वेगवेगळं दिलेलं असतं. मी सगळ्यात आधी कायम नसलेल्यांची ओळ वाचतो. गिरण्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला ती ओळ समजावून सांगावी लागत नाही.

केवायसी, नॉमिनी, एसआयपी ही अर्ध्या तासाची कामं. पोर्टफोलिओ मात्र दर सहा महिन्यांनी, वहीतली यादी शेजारी ठेवून, पुन्हा पहिल्या नावापासून वाचा.