रोटरी गाडी दामटण्याआधी या चुका टाळा, सोलापूर कितीही तापलेलं असो

मे महिन्यात पारा ४३ ला टेकलेला असताना कुणी ‘इंजिन गरम होऊ दे’ म्हटलं, तर सोलापूरकर हसणारच. पण इंजिनाच्या लेखी ४३ अंश म्हणजेसुद्धा गारठा. इंजिनाभोवतीचं पाणी ८०-९० अंशांवर आलं की मगच ते मोकळं चालतं. पिस्टनची गाडी आपली घाई बरेच दिवस पोटात घालते. मझ्दाच्या आरएक्स-७, आरएक्स-८ मधलं रोटरी इंजिन, ज्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो, ते घालत नाही.

दोष बांधणीत आहे. रोटर ज्यात फिरतो ते हाउसिंग ॲल्युमिनियमचं, त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्लेटा बिडाच्या, आणि ही सगळी चळत लांब बोल्टांनी आवळलेली. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. गार इंजिन एकदम पिळलं की दोन्ही धातू आपापल्या चालीने सरकतात आणि मधली पाण्याची सीलं मार खातात. रोटरच्या टोकांवरच्या एपेक्स सीलांनाही तेल लागतं, आणि थंड तेल जड असतं.

म्हणून बरेच जण चहा होईस्तोवर गाडी दारातच चालू ठेवतात. ही दुसरी चूक. थंड इंजिनात पेट्रोल जास्त जातं, ते आतलं तेल धुतं आणि कार्बन धरतं. अर्धा मिनिट पुरे. मग निघा, ३००० आरपीएमच्या आत. सात रस्त्यापासून पुणे नाक्यापर्यंतचे सिग्नल आणि रिक्षा तुम्हाला तसंही पळू देत नाहीत, तेवढाच फायदा. मात्र हळू म्हणजे चौथ्या गिअरमध्ये रडत-खडत नव्हे. रोटरीला कमी आरपीएमला ताकद नसते. गिअर खालचाच ठेवा.

काटा मध्यावर आला म्हणजे झालं, असं समजू नका. तो पाण्याचं तापमान सांगतो, तेल मागून तापतं. शिवाय आरएक्स-८ चा काटा एकदा मध्यावर आला की बराच वेळ तिथेच बसून राहतो. ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले खरे आकडे दाखवणारं यंत्र) लावा, आणि पाणी तापल्यावरही दहा मिनिटं दम धरा.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट वेगळीच. पाहुण्यांच्या गाडीला जागा करायला आपली चालू केली, चार हात सरकवली, बंद केली. संध्याकाळी स्टार्टर नुसता फिरतो. आत पेट्रोल साचलेलं असतं, ‘फ्लड’ झालेली असते. आरएक्स-८ मध्ये ॲक्सिलरेटर तळाला दाबून स्टार्टर मारा, म्हणजे इंजेक्टर बंद राहतात. दहा-दहा सेकंदच, मध्ये बॅटरीला उसंत देत. नाही जमलं तर चारही प्लग काढून वाळवा. त्यापेक्षा गाडी हातानेच ढकलावी, हे बरं.

आणि आपल्याकडची खास खोड: ‘गाडी गरम होते ना, थर्मोस्टॅट काढून टाका!’ गॅरेजात हा सल्ला फुकट मिळतो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. त्यात रेडिएटरचा कचरा, सैल कॅप, दमलेला पंखा तसाच राहतो आणि इंजिन मात्र नीट तापतच नाही. आधीच्या मालकाने हा उद्योग केलाय का, ते गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या थंडीत पहाटे कळतं. गावात ८० पर्यंत चढलेला आकडा बाळे सोडून मोहोळच्या दिशेने वेग धरताच उतरू लागला, तर थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडाच अडकलाय. नवीन बसेपर्यंत ती गाडी पिळू नका.