बाबांचा ‘बाद’ लॅपटॉप : एक्स्चेंजला द्यायच्या आधी पेनड्राइव्ह लावून बघा

गेल्या दिवाळीला साताऱ्याला गेलो तर बाबा लॅपटॉप पिशवीत भरून तयारच बसले होते. दुकानात दाखवून आलेले, आणि तिथल्या पोराने सांगितलेलं की काका ह्याच्यात विंडोज 11 बसत नाही, 10 बंद झालं, आता हा बाद, दीड हजारात एक्स्चेंज करा आणि एआयवाला घेऊन टाका. लॅपटॉप 2016 चा, सहाव्या जनरेशनचा आय5, 4 जीबी रॅम, आत फिरती हार्डडिस्क. काम काय, तर सोसायटीच्या नोटिसा, पेन्शनची स्लिप आणि यूट्यूबवर कीर्तन. कीर्तन ऐकायला एआय कशाला लागतो देव जाणे. तर तोच लॅपटॉप आता लिनक्स मिंटवर, म्हणजे विंडोजच्या जागी बसणाऱ्या एका फुकट सिस्टमवर, चालतोय, आणि ते कसं केलं, कुठे अडलं, कोणी ह्या भानगडीत पडूच नये हे सगळं एकदाच लिहून टाकतोय, कारण चार जणांना फोनवर सांगून सांगून तोंड दुखलं.

आधी दावा तपासा, मग लॅपटॉप

“10 बंद झालं” म्हणजे काय झालं, तर 14 ऑक्टोबर 2025 पासून मायक्रोसॉफ्टने नेहमीचे फुकट अपडेट थांबवले. मशीन सकाळी उठून मेलेलं नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्ट अकाउंटने नाव नोंदवलं की सिक्युरिटी अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात, त्यामुळे दुकानात कोणी घाई करत असेल तर घाई त्याला आहे, तुम्हाला नाही. अर्थात अपडेट नसलेल्या विंडोजवर वर्षानुवर्षं नेटबँकिंग करा असंही मी म्हणणार नाही, तिथे धोका खराच आहे.

आता “बसत नाही” ह्याचं. 11 ला टीपीएम 2.0 नावाची सिक्युरिटी चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या जनरेशनच्या पुढचा. टीपीएमचं कारण समजू शकतो, पण प्रोसेसरची यादी म्हणजे शेवटी कोणीतरी टेबलावर बसून मारलेली रेघ आहे. 2021 मध्ये ह्याच यादीत सातव्या जनरेशनचा एक प्रोसेसर मागाहून घुसवला गेला, आय7-7820एचक्यू, आणि तो होता मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ 2 मध्ये. घरचं लेकरू नापास कसं करायचं! आणि 2015 मध्ये ह्याच कंपनीच्या एका माणसाने जाहीर कार्यक्रमात विंडोज 10 हे शेवटचं विंडोज आहे असं सांगितलं होतं तेही लक्षात ठेवा, सहा वर्षांत 11 आलं.

पण लिनक्सवाल्यांचे दावेही असेच चाळून घ्या, मी स्वतः त्यातलाच आहे म्हणून सांगतो. “कुठल्याही डबड्यावर पळतं” हे अर्धसत्य आहे. सिस्टम पळते हो, पण फायरफॉक्समध्ये दहा टॅब उघडले की ते 4 जीबी रॅम तितक्याच भक्तिभावाने खातात, ब्राउझरला खाली विंडोज आहे की लिनक्स ह्याने फरक पडत नाही. “ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो ते) म्हणजे सेफ” हेही तसंच. मार्च 2024 मध्ये एक्सझेड नावाच्या, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या छोट्या कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी चोरून आत शिरायचं मागचं दार बसवल्याचं उघड झालं, आणि ते करणारा दोनेक वर्षं साळसूदपणे प्रोजेक्टमध्ये मदत करत होता. पकडलं आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने, का, तर त्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. तो नोकरीला कुठे, तर मायक्रोसॉफ्टमध्ये. कोड उघडा होता म्हणून त्याला आत शिरून शोधता आलं हे खरं, पण उघडा कोड कोणीतरी वाचतंच असेल असं धरून चालू नका.

हे कोणी करू नये

टॅलीवर रोजचं काम असेल तर नको, ते विंडोजसाठी आहे, जुगाड करून चालवलं तरी मार्चएंडला रडाल. डिजिटल सहीच्या डोंगलवर ज्यांचं पोट आहे त्यांनीही थांबा. डीटीपीवाले, श्री-लिपीत वीस वर्षांची कामं पडलेली असतील तर लिनक्सवर त्या फाइल उघडून नुसती अक्षरांची भेळ दिसेल, कारण तो मजकूर युनिकोड (कुठल्याही मशीनवर वाचता येणारी अक्षरांची पद्धत) नसतो. आधी त्या विंडोजवरच युनिकोडमध्ये करून घ्या. बाकी ज्यांचं आयुष्य ब्राउझर, पीडीएफ आणि थोडं टायपिंग ह्यात जातं त्यांनी बिनधास्त पुढे वाचा. केरळातल्या सरकारी शाळांतली पोरं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकतायत, तेव्हा हे काही इंजिनिअरांचंच काम नाही.

पेनड्राइव्ह

8 जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे म्हणून लग्नाचे फोटोवाला घेऊ नका (एकाने घेतला होता). लिनक्स मिंटच्या साइटवरून फाइल उतरवा, तीनेक जीबीची आहे. सिनॅमन, माते, एक्सएफसीई असे तीन प्रकार दिसतील, 4 जीबी रॅम असेल तर एक्सएफसीई, 8 असेल तर सिनॅमन, ह्यावर जास्त डोकं लावू नका.

फाइल उतरली की तिचा एसएचए256 आकडा (फाइलचा अंगठ्याचा ठसाच म्हणा) साइटवरच्या आकड्याशी जुळतो का बघा. हे सगळे टाळतात, मीही टाळायचो, पण फेब्रुवारी 2016 मध्ये मिंटची साइटच हॅक झाली होती आणि लोकांना भेसळवाल्या फाइलकडे पाठवलं जात होतं. विंडोजमध्ये 7-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून हा आकडा मिळतो, शेवटची आठ-दहा अक्षरं तरी डोळ्यांनी ताडून बघा. मग रुफस किंवा बलेना एचर ह्यातल्या एका प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही.

लॅपटॉप बंद करा, पेनड्राइव्ह लावा, चालू करताना बूट मेनूचं बटण टकटक दाबत राहा. डेलला एफ12, एचपीला एफ9, लेनोवोला बहुतेक एफ12, असुसला एस्केप. एक सूचना, बायोसमधलं (लॅपटॉपच्या मुळातल्या सेटिंगमधलं) काही बदलायच्या आधी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे का ते बघा आणि असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, नाहीतर परत विंडोजमध्ये जाताना ते 48 आकडे मागेल आणि तुम्ही माझ्याकडे बघत बसाल.

आता जे उघडतं ते पेनड्राइव्हवरूनच चालतंय, लॅपटॉपमधल्या डिस्कला अजून हात लागलेला नाही. सगळ्या गाइडमध्ये ही पायरी दोन ओळींत उरकतात आणि खरी मजा इथेच आहे, निदान एक संध्याकाळ इथे घालवा. वायफाय दिसतंय का, आवाज येतोय का, ब्राइटनेसची बटणं चालतायत का, कॅमेरा, ब्लूटूथ, टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल, आणि मुख्य म्हणजे झाकण बंद करून उघडलं की मशीन जागं होतं का. दुकानदार खरं बोलतोय की मी, ह्याचं उत्तर इथे तुमच्या टेबलावर मिळतं. पेनड्राइव्हवरून सगळं जरा हळू चालणार, त्यावरून वेगाचं मत बनवू नका.

बाबांच्या लॅपटॉपवर वायफाय दिसलंच नाही. माझा चेहरा पडला, बाबा म्हणाले, “अरे असू दे, त्या पोराला फोन करतो मी.” उपाय सोपा निघाला, मोबाइल यूएसबी केबलने जोडायचा, यूएसबी टेदरिंग चालू करायचं, लिनक्सला लगेच नेट मिळतं, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडायचा आणि तो सुचवेल तो वायफायचा ड्रायव्हर टाकायचा. दहा मिनिटांचं काम, पण माहीत नसेल तर माणूस इथेच नाद सोडतो.

डिस्क बदला, जुनी कपाटात ठेवा

लॅपटॉप स्लो असण्याचं कारण दहात आठ वेळा प्रोसेसर नसतोच, ती फिरती हार्डडिस्क असते. अडीच इंची साटा एसएसडी (न फिरणारी, चिपवाली वेगवान डिस्क) घ्या, 256 जीबी पुष्कळ झाली, खालचं झाकण उघडा, जुनी काढा, नवी बसवा. काही मॉडेलमध्ये झाकण क्लिपांनी अडकलेलं असतं, तिथे जुनं एटीएम कार्ड घालून हळूहळू फिरवा, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. आणि कुठला स्क्रू कुठला हे कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्या त्या जागी चिकटपट्टीने चिकटवून ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर वरून फोड येतो.

ह्यात दुहेरी फायदा आहे. वेग मिळतो तो मिळतोच, शिवाय जुनी डिस्क विंडोज आणि सगळ्या फाइलींसकट जशीच्या तशी कपाटात राहते, नाही जमलं तर परत लावली की झालं. एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टम टाकता येतात पण पहिल्यांदाच करणाऱ्याला मी ते सांगत नाही, पार्टिशन करताना (डिस्कचे भाग पाडताना) एक क्लिक चुकली की पाच वर्षांचे फोटो गेले. तरीही बॅकअप वेगळा घ्याच, जुन्या डिस्कचा काय भरवसा.

इन्स्टॉल करताना फार विचारत नाही. भाषा, कीबोर्ड, मल्टिमीडिया कोडेकची (गाणी-व्हिडिओ चालायला लागतात ते) टिक करा, टाइमझोन कोलकाता, नाव, पासवर्ड. “सगळी डिस्क पुसून टाका” हा पर्याय नव्या रिकाम्या एसएसडीवर बिनधास्त निवडा, मात्र आत दुसरी डिस्क लावलेली नाही ना हे बघून. डिस्क दिसतच नसेल तर बायोसमध्ये साटाची सेटिंग आरएसटी किंवा रेड अशी आहे का बघा, ती एएचसीआय करा. पंधरा-वीस मिनिटांत होतं, तेवढ्यात चहा.

पहिल्या दिवशीची कामं

अपडेट मॅनेजर उघडून सगळे अपडेट घ्या. टाइमशिफ्ट चालू करा, ते सिस्टमचे स्नॅपशॉट ठेवतं, उद्या काही बिघडलं तर मागच्या तारखेला जाता येतं (फोटो-फाइलींचा बॅकअप मात्र ते घेत नाही, गोंधळू नका). फायरवॉल चालू करा. झालं.

मराठी टायपिंगवर मात्र वेळ काढा, कारण घरच्या माणसाचं मत त्यावरच ठरतं. कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (सरकारी प्रमाण कीबोर्ड) असतंच. फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून मराठी, हवं असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम17एन टाका, लॉगआउट करून परत या, आयबसच्या यादीत मराठीखाली फोनेटिक, आयट्रान्स आणि चक्क गमभन ही मराठी टायपिंगची जुनी पद्धतसुद्धा दिसेल, जुन्या लोकांना ते बघून भरून येईल. बाबांची परीक्षा एकच, “साताऱ्याच्या”. इतकी वर्षं ते “साता-याच्या” असा डॅश मारून काम भागवायचे. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, मग ई, की “ऱ्या”. त्यांनी ते तीनदा टाइप केलं, चष्मा काढून पुसला, आणि चौथ्यांदा टाइप केलं.

ऑफिससाठी लिब्रेऑफिस आधीच असतं. वर्डच्या फाइल उघडतात, पण मंगल फॉन्ट विंडोजबरोबर येतो, इथे नाही, म्हणून सरकारी नमुन्यातल्या ओळी पुढेमागे सरकतात आणि एका पानाचं दीड पान होतं. नवीन लिखाणाला मुक्त फॉन्ट वापरा, नोटो आहे, मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता आहे, मुक्ता छापून फार देखणा दिसतो. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करूनच पाठवा.

प्रिंटरच्या बाबतीत नशीब. नवे नेटवर्कवाले बहुतेक आपोआप सापडतात. आमच्याकडचा जुना छोटा लेझर मात्र दोन दिवस झगडून, तीन वेगवेगळे ड्रायव्हर टाकून बधला नाही, शेवटी नोटिसा पीडीएफ करून व्हॉट्सॲपने कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातात. पेनड्राइव्हवाल्या संध्याकाळी प्रिंटर जोडून बघितला असता तर हे तेव्हाच कळलं असतं, मी नाही बघितला.

बॅटरी मात्र कुठल्याही सिस्टमने सुधारत नाही. पॉवर स्टॅटिस्टिक्स नावाचं छोटं ॲप टाकून बघा, मूळ क्षमता आणि आता उरलेली क्षमता वॉट-अवरमध्ये समोर दिसते. बाबांची 41 ची 17 वर आली होती. हाच आकडा दुकानात दाखवला की “मदरबोर्ड गेलाय” वगैरे गोष्टी कमी ऐकाव्या लागतात.

मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट आहेत, तोपर्यंत बहुतेक कीबोर्डच झिजेल. कपाटातल्या जुन्या डिस्कला सहा महिने हात लागला नाही तर ती यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला वापरा असं मी सगळ्यांना सांगतो. बाबांनी तिच्यावर चिकटपट्टी लावून पेनने लिहिलंय, “विंडोज. पुसू नये.” अजून पुसू दिलेली नाही.