जुन्या फोर-बाय-फोर पिकअपचे सस्पेन्शन सुधारताना

गगनबावड्याच्या घाटात आणि पावसाळी शेतवाटांवर राबलेल्या पिकअपचा मागचा भाग बसला असेल, तर स्प्रिंगचा नुसता एक पाटा वाढवण्याआधी बुश (सांध्यातले रबरी अस्तर), शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी हलती कडी) आणि सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) तपासावेत. पुष्कळदा खडखडाट तिथूनच येतो. शॅकलची पिन बाजारात मिळाली नाही, तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर बनवून घेता येते, मात्र तिचे पोलाद मूळ पिनेच्या तोडीचे हवे. काम करताना गाडी केवळ जॅकच्या भरवशावर न ठेवता चासीखाली भक्कम स्टँड लावावेत. पाटे दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत आणि पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्यावेत, कारण एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही. शॅकलचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळावेत, अन्यथा रबरी बुशला कायमचा पीळ बसून ते लवकर फाटतात. उंची वाढवण्याचा मोह मात्र आवरलेलाच बरा: त्यामुळे चाकांकडे शक्ती नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणला जातो, शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील फेरबदलांवर निर्बंध आहेत. काही शे किलोमीटर चालवल्यानंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.