किराणा स्वस्तात भरायचा? नाशिकचा हंगाम पाहून यादी करा

कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, तांदूळ हे सगळं नाशिक जिल्ह्यातच पिकतं. पण बारा महिने एकच यादी दुकानदाराच्या हातात दिली, तर या सोयीचा आपल्याला काडीचाही फायदा होत नाही. स्वस्त दुकान शोधण्याआधी कोणती वस्तू केव्हा भरायची ते ठरवा. जास्त पैसे तिथेच वाचतात.

१. आधी मोजा. महिनाभर प्रत्येक नवीन पाकीट फोडताना त्यावर तारीख लिहा. तेलाची पिशवी किती दिवस गेली, तूरडाळ किती लागली, हे नेमकं कळेल. अंदाजाने भरलेल्या डाळीला कीड लागली की स्वस्तात घेतल्याचा काही उपयोग उरत नाही.

२. कांदा साठवा, पण कोणता ते ओळखून. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा ओलसर असतो. तो टिकत नाही, म्हणून आठवड्यापुरताच घ्या. साठवणीसाठी उन्हाळ कांदाच हवा. तो मार्च ते मे या काळात निघतो आणि लासलगाव, पिंपळगावकडचे शेतकरी तोच चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरून ठेवतात. घेताना मान बारीक आणि पूर्ण सुकलेली आहे ना, साल कोरडी आणि घट्ट आहे ना, ते पाहा. आकार मध्यम असावा. दाबल्यावर मानेपाशी मऊ लागला तर घेऊ नका.

घरी आणल्यावर गोणी तशीच बांधून ठेवू नका. जाळीच्या क्रेटमध्ये किंवा जमिनीवर गोणपाट अंथरून पातळ थरात पसरा. वारा खेळता हवा. शेजारी बटाटे नकोत आणि फ्रिज तर नकोच. आठवड्यातून एकदा हात फिरवून सडलेला कांदा काढून टाका, कारण एक सडला की आजूबाजूचेही जातात. चाळीतला कांदा संपत येतो आणि नवा लाल कांदा पुरेसा आलेला नसतो, त्या दिवाळीआधीच्या काळात भाव अनेकदा चढतात. तेव्हा ही साठवण कामी येते. मात्र फ्लॅटमध्ये हवेशीर जागा नसेल, तर दोन महिन्यांपुरताच घ्या. सहा महिन्यांचा हट्ट धरण्यात नुकसानच आहे.

३. धान्य, डाळी. नवी तूर साधारण जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात येते, हरभरा आणि गहू त्यामागून. होळीनंतर गहू घ्या, कडक उन्हात वाळवा आणि पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा. गरम धान्याला आत घाम सुटतो. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात लावला की ती टिकते. पोतं एकट्याला जास्त होत असेल, तर शेजारच्या घराबरोबर वाटून घ्या. नाशिकच्या रविवार कारंजा परिसरातल्या दुकानांत भाव विचारताना किलोचा आणि पोत्याचा असे दोन्ही विचारा. फरक नगण्य असेल तर साठवणीची दगदग कशाला? तांदळासाठी घोटीकडे कुणी नातेवाईक असतील, तर इंद्रायणीचा नवा तांदूळ निघाल्यावर त्यांच्याकडून मागवा.

४. भाजी. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात संध्याकाळी भाव उतरतात, पण पालेभाजी तोवर कोमेजलेली असते. म्हणून पालेभाजी सकाळी घ्या आणि दुधी, कोबी, भोपळा संध्याकाळी. टोमॅटो मातीमोल झाले की शिजवून, गाळून, डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. हिवाळ्यातले मटारही स्वस्त असताना सोलून फ्रीझरमध्ये ठेवा.

५. पाकिटावरचं वजन वाचा. तेलाच्या पिशव्या दिसायला सारख्याच असतात. एक लिटरच्या पिशवीत साधारण ९१० ग्रॅम तेल असतं, तर काहींमध्ये ८०० किंवा ८५० ग्रॅमच. समजा, ९१० ग्रॅमची पिशवी १५० रुपयांना आणि ८०० ग्रॅमची १४० रुपयांना आहे. दुसरी स्वस्त वाटते, पण पहिलीत १०० ग्रॅम साडेसोळा रुपयांना पडतं आणि दुसरीत साडेसतराला. बऱ्याच पाकिटांवर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किंमतही छापलेली असते. चहा, साबण, बिस्किटं घेताना आधी तो आकडा पाहा, मग ‘एकावर एक मोफत’ची पाटी.