सुट्टीच्या घरात टीव्ही कुठे आणि किती उंचीवर लावावा

येऊरचे बंगले असोत, घोडबंदर रस्त्यावरचे दोन दिवसांसाठी मिळणारे फ्लॅट असोत किंवा खारघरमधले होमस्टे असोत, पाहुण्यांसाठी सजवलेल्या खोलीत टीव्ही बहुधा चमत्कारिक जागी सापडतो: कधी दाराच्या वर, छताला टेकलेला, कधी खिडकीच्या बरोबर समोर, तर कधी पलंगाच्या उशाकडच्याच भिंतीवर. याचे कारण साधे आहे. केबलचा पॉइंट बिल्डरने ठरवलेला असतो, टीव्ही त्या पॉइंटवर टांगला जातो आणि पलंग मात्र पुढे सोयीने दुसऱ्याच भिंतीला लागतो. म्हणून मालकाने हे काम पॉइंटपासून नव्हे, तर उशीपासून सुरू करावे.

प्रथम पलंग आणि सोफा कायमचे कुठे राहणार ते ठरवावे. त्यानंतर वर्तमानपत्राचे कागद चिकटवून टीव्हीच्या मापाचा एक तुकडा तयार करावा. ४३ इंची टीव्हीसाठी तो साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५४ सेंटिमीटर उंच असावा, कारण टीव्हीचे इंच कर्णाचे असतात, रुंदीचे नव्हेत. एकाने पाहुण्यासारखे पाठीशी उशी घेऊन पलंगावर टेकून बसावे आणि दुसऱ्याने तो कागद समोरच्या भिंतीवर वरखाली सरकवावा. मान न उचलता जिथे नजर सहज पडते, तिथे पेन्सिलीने खूण करावी. सोफ्यावर बसलेल्या प्रौढ माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १०० ते ११० सेंटिमीटरवर येतात. पडद्याचा मध्य त्याच्या आसपास असणे उत्तम. पलंगावर टेकून पाहताना नजर किंचित वर वळलेली असते, त्यामुळे तिथे मध्य थोडा वर गेला तरी चालतो. अडीच मीटरवरून पाहताना पडदा डोळ्यांच्या रेषेपेक्षा ६५ सेंटिमीटरहून अधिक वर नेऊ नये. तेवढ्यातच नजरेचा कोन १५ अंशांच्या जवळ जातो आणि एक चित्रपट संपेपर्यंत मान अवघडते.

अंतराचा प्रश्न लवकर सुटतो: कर्णाच्या दीडपट ते अडीचपट, म्हणजे ४३ इंचांसाठी साडेपाच ते नऊ फूट. बेडरूममध्ये याहून मोठ्या पडद्याचा हट्ट सहसा अनाठायी असतो.

भिंतीची निवड मात्र सावकाश करावी. वाशी-नेरूळच्या खाडीकडे तोंड असलेल्या इमारतींत पश्चिमेचे ऊन दुपारनंतर थेट आत येते, त्यामुळे त्या खिडकीसमोरच्या भिंतीवरचा पडदा आरशासारखा चकाकतो. खिडकीच्या शेजारी लावलेल्या टीव्हीकडे पाहताना उजेड डोळ्यांवर येतो. खिडकीशी काटकोनात असलेली भिंत सर्वांत बरी. बाहेरच्या बाजूची, पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळावी, आणि एसीच्या खालची जागाही टाळावी, कारण एसीची पाण्याची नळी तुंबली की पाणी थेट टीव्हीवर टपकते.

आता भिंतीचा पोत पाहावा. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत स्क्रू धरून ठेवणारे चांगले अँकर घट्ट बसतात, पण नव्या टॉवरमध्ये आतल्या भिंती अनेकदा एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हवेची छिद्रे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या असतात. तिथे साधा प्लास्टिकचा प्लग ढिला होतो, म्हणून त्याच ब्लॉकसाठी मिळणारे अँकर वापरावेत. नुसत्या जिप्समच्या पार्टिशनवर टीव्ही टांगू नये. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल चालवू नये, कारण भिंतीतली वायर बहुधा त्याच रेषेत जाते. ब्रॅकेट घेण्याआधी टीव्हीच्या मागच्या चार छिद्रांमधले अंतर मोजावे आणि ब्रॅकेट टीव्हीचे वजन पेलेल याची खात्री करावी.

खोली अडचणीची असेल आणि टीव्ही कोपऱ्यात किंवा उंचावरच लावावा लागत असेल, तर बाहेर ओढून वळवता येणाऱ्या दांड्याचा ब्रॅकेट घ्यावा. उंचीवरचा पडदा खाली झुकवता आला की तो बराच सुसह्य होतो. वायरिंगचे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे आणि प्लगचा पॉइंट टीव्हीच्या मागेच आणावा. पलंगावरून लोंबणारी एक्स्टेन्शन कॉर्ड ही मुलांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांसाठी धोक्याची गोष्ट आहे. सेट टॉप बॉक्स बंद कपाटात ठेवू नये. रिमोटचे इन्फ्रारेड किरण लाकडातून जात नाहीत, आणि मग बॉक्स बंद पडल्याची तक्रार घेऊन पाहुणे मध्यरात्री फोन करतात.

इतके करूनही एखाद्या खोलीत टीव्ही नीट बसतच नसेल, तर तो काढून हॉलमध्ये एकच चांगला टीव्ही ठेवावा आणि जाहिरातीतून ‘प्रत्येक खोलीत टीव्ही’ ही ओळ वगळावी.