अन्याय झालेला, अजिंक्य नायक कसा रचावा

‘इसेकाई’ म्हणजे जपानीत ‘दुसरे जग’, आणि अशा जगात जाऊन पडलेल्यांच्या कथांचा प्रकारही. आपल्या जगातून तिकडे ओढला गेलेला, अन्यायाने पोळलेला आणि पुढे कोणालाच न आवरणारा नायक लिहायला घेताना बहुतेक जण त्याच्या शक्तीपासून सुरुवात करतात. सुरुवात अन्यायापासून करावी आणि तिथे घाई करू नये. ‘द रायझिंग ऑफ द शील्ड हीरो’ या २०१९ च्या जपानी ॲनिमेशन मालिकेचा पहिला भाग नेहमीच्या दुप्पट लांबीचा आहे. ज्या तरुणीवर तिचा नायक नाओफुमी विश्वास टाकतो, तीच अखेरीस त्याच्यावर खोटा आळ घेते. तो विश्वास आपण सावकाश पाहिलेला असतो, म्हणूनच घाव बसतो. (पुढे हाच नाओफुमी गुलाम विकत घेतो आणि कथा त्याला फारच स्वस्तात माफ करते, हे मात्र उचलू नये.)

आता नायक सोलापुरातला, चादरींच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा घ्या. ‘त्याच्यावर घोर अन्याय झाला’ असे लिहू नका. पाळी सुटताना मालक सर्वांसमोर त्याचा डबा उघडायला लावतो, कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या पुडीखालून रंगीत सुताच्या चार कांड्या निघतात, आणि ज्याने त्या ठेवल्या तो शेजारच्या मागावरचा सोबती मान खाली घालून धोट्याशी चाळा करत राहतो, एवढे दाखवा.

शक्ती त्याच्या कामातून आणि मर्यादेतून यावी. नाओफुमीला ढालीखेरीज दुसरे शस्त्र चालवता येत नाही. ‘अरिफुरेटा’ या दुसऱ्या इसेकाई मालिकेतील नायक हाजिमेकडे धातू-दगडांना हवा तो आकार देण्याची साधी कारागिरी असते, तो खोल विवरात कोसळतो, डावा हात गमावतो आणि त्याच कारागिरीतून बंदूक घडवतो. आपल्या विणकराला तिकडच्या प्रत्येक वस्तूतले उभे-आडवे धागे दिसू द्या. ते तो सांधू शकेल, उसवूही शकेल. मात्र तुटलेला धागा सांधायला माग थांबवावा लागतो, तसे त्यालाही हातातले सारे थांबवून शत्रूच्या अगदी हातभर जवळ जावे लागले पाहिजे. शत्रूला मूर्ख करून नायकाला मोठे करण्याची सवय या प्रकारात फार आहे, ती टाळा.

अन्याय करणारे कोणत्या जगात ठेवायचे, हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा. दोन्ही मालिकांत ते नायकाबरोबर पलीकडेच असतात, त्यामुळे हिशेब चुकता करता येतो. मी सोबत्याला सोलापुरातच ठेवीन, म्हणजे किल्ल्याची भिंत चिमटीने उसवणाऱ्या माणसाला त्या डब्याचे काहीच करता येणार नाही. नायकाला परत आणायचेच असेल, तर जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेच्या, गर्दीत आणा: सोबती लेकराला खांद्यावर घेऊन पाळण्यापाशी उभा आहे, आणि नायकाच्या बोटांना आता एकही धागा दिसत नाही.